लाल दिव्यामागचे शब्द

"आई, त्या डब्याकडे बघ. किती दिवे लागलेत?"

"चार. तीन हिरवे, आणि एक तांबडा लुकलुकतोय."

"तांबड्याखाली काय लिहिलंय?"

"एल, ओ, एस."

"मग बंद-चालू करून काही होणार नाही. वायर बाहेर तुटलीय. केबलवाल्याला फोन कर आणि एवढंच सांग, एलओएस लाल आहे."

आई इस्लामपूरला किंवा चिपळूणला, मुलगा बंगळुरूला किंवा डॅलसला. असे संभाषण मराठी घरांना आता नवे नाही. त्यात तीन अक्षरांनी किती काम केले ते पाहण्यासारखे आहे. एलओएस म्हणजे संकेत हरवला. घरापर्यंत आलेल्या काचेच्या तंतूतून प्रकाश यायला हवा, तो येत नाही, एवढेच तो दिवा सांगतो. तंतू उंदराने कुरतडला असेल, रस्त्याच्या खोदकामात तुटला असेल, नाहीतर कपाटामागे नको तितका वाकला असेल. बिघाड घरातल्या सेटिंगमध्ये नाही, हे मात्र कळले. दुरुस्तीला येणारा माणूस आता तंतू जोडायचे मशीन बरोबर घेऊन येईल. हा शब्द ठाऊक नसता तर घाईघाईत कोणीतरी डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून रीसेटचे बटण दाबले असते. त्या बटणाने कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते, आणि एकाचे दोन बिघाड होतात.

विजेच्या बाबतीत मराठी घर केव्हाच शहाणे झाले. फ्यूज उडाला, एमसीबी पडला, एक फेज गेला, अर्थिंग नाही, ही वाक्ये ज्यांना शाळेत विज्ञान अवघड गेले त्यांच्याही तोंडी सहज येतात. पाण्याच्या बाबतीतही तसेच: तोटी, वॉशर, बॉलकॉक. हे शब्द आले म्हणून घरातला प्रत्येक जण वायरमन किंवा प्लंबर झाला नाही. पण त्यांच्याशी बोलता येऊ लागले, बिल वाचता येऊ लागले, धोका ओळखता येऊ लागला. घरातल्या नेटवर्कचे शब्द अजून तितके घरचे झालेले नाहीत. ते व्हावेत, यासाठी हे पुस्तक लिहिले गेले आहे. घरी वायरलेस राउटर बसवणे हा त्याचा प्रत्यक्ष विषय आहे, आणि त्या कामात वाटेत भेटणारा प्रत्येक शब्द हा त्याचा खरा विषय आहे.

गोंधळाची सुरुवात 'वायफायचा डबा' या लाडक्या शब्दापासूनच होते. डबा एक दिसतो, पण त्यात निदान पाच यंत्रे दाटीवाटीने राहतात. पहिले यंत्र तंतूतल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते. फायबरच्या जोडणीत त्याला ओएनटी म्हणतात. दुसरे म्हणजे खरा राउटर. घराचे छोटे जाल आणि बाहेरचे मोठे जाल यांच्या उंबरठ्यावर तो बसतो आणि कुठली माहिती कुठे जाईल ते ठरवतो. तिसरा स्विच. डब्यामागे ओळीने दिसणारी लॅन नावाची चौकोनी भोके त्याची, तिथे टीव्ही किंवा संगणक वायरने जोडता येतो. चौथे यंत्र म्हणजे रेडिओ, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. पाचवा असतो पत्ते वाटणारा कारकून, डीएचसीपी. घरात नवा फोन आला की हा त्याला एक क्रमांक देतो आणि ठरावीक मुदतीनंतर त्या क्रमांकाचे नूतनीकरण करतो.

ही फोड एकदा मनात बसली की रोजची सर्वांत चक्रावून टाकणारी तक्रार उलगडते: "वायफाय फुल आहे, पण नेट नाही." फोनवरच्या त्या कमानी फोन ते डबा एवढ्याच अंतराची खबर देतात. चौथे यंत्र ठणठणीत आहे, अडचण पहिल्या-दुसऱ्यात किंवा त्यांच्या पलीकडे, बाहेर आहे, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ. पुढचे पाऊल मग आपोआप सुचते. इंटरनेटचा दिवा पाहायचा, एलओएसचा पाहायचा, शेजाऱ्याकडे चालू आहे का विचारायचे.

हे सगळे एका डब्यात येऊन पोहोचायला सुमारे पन्नास वर्षे लागली, आणि त्या वाटेवर बरेच वाद झाले. त्यांतला पहिला वाद माहिती पाठवायची कशी, याचा होता. टेलिफोनची जुनी रीत अशी की दोघे बोलत असेपर्यंत त्यांच्यामधली अख्खी वाट त्यांच्याच नावे राखून ठेवायची. लग्नाच्या वऱ्हाडासाठी स्पेशल बस करावी तशी ही पद्धत. बस अर्धी रिकामी असली तरी दुसरा कोणी त्यात चढणार नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत रँड संस्थेतले पॉल बॅरन आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी एकमेकांना न ओळखता वेगळी रीत सुचवली. वऱ्हाड फोडायचे. प्रत्येकाच्या हाती मुक्कामाचा पत्ता आणि क्रमांकाची चिठ्ठी द्यायची, आणि मिळेल त्या एसटीने पाठवायचे. मांडवात पोहोचल्यावर सगळ्यांना क्रमाने उभे करायचे. माहितीच्या तुकड्यांच्या बाबतीत सोय अशी, की एखादा वाटेत हरवला तर त्याची हुबेहूब प्रत पुन्हा पाठवता येते. बॅरन यांना अणुहल्ल्यातही टिकेल असे दळणवळण हवे होते. डेव्हिस यांना महागड्या संगणकांचा वेळ अनेकांत वाटायचा होता. त्या तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनी दिले.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे आर्पानेटवरचा, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जालावरचा, पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळ्या घडणीची जाले एकमेकांना कशी जोडायची याचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातून घडलेली टीसीपी-आयपी ही नियमावली १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटवर सक्तीची झाली. आजच्या घरातला डबा त्याच नियमांनी बोलतो.

दुसरा वाद दोन घराण्यांचा होता. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये ओएसआय नावाचा सात थरांचा आराखडा मांडला. त्याच्या मागे सरकारे होती, टेलिफोन कंपन्या होत्या, समित्यांची शिस्त होती. टीसीपी-आयपीवाल्यांचा भर आधी चालवून दाखवण्यावर होता. चालणारे आधीच हातात होते म्हणून ते घराणे जिंकले. पण हरलेल्या आराखड्याने शिकवण्याची भाषा दिली. महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थी आजही ते सात थर पाठ करतात. पुष्कळांना ते रटाळ वाटतात. प्रत्यक्षात बिघाड शोधायला त्यांच्याइतकी चांगली शिडी दुसरी नाही: खालच्या पायरीवर वायर आणि वीज, मग जोडणी, मग पत्ता, आणि सर्वांत वर ॲप. या पुस्तकातली बिघाड शोधायची रीत त्याच शिडीवरून चढते. थरांची नावे पाठ करायला मात्र ते कोणाला सांगत नाही.

बिनतारी शाखेची कथा हवाईत सुरू होते. बेटाबेटांवर विखुरलेली विद्यापीठाची केंद्रे होनोलुलूच्या मुख्य संगणकाला जोडायची होती आणि मध्ये समुद्र होता. १९७१ मध्ये नॉर्मन एब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवर चालणारे अलोहानेट सुरू केले. त्याचा मूळ नियम अगदी साधा होता. सांगायचे असेल तेव्हा सांगून टाका. पोच आली नाही तर दोघे एकदम बोलले असे समजा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा सांगा. थांबण्याचा काळ प्रत्येकाने आपापला, चिठ्ठी उचलावी तसा, कसाही निवडायचा. दोघेही सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर होणार, म्हणून.

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी एब्रॅमसन यांचे लेखन वाचले आणि तो नियम सुधारला: बोलण्याआधी ऐका. मे १९७३ मध्ये त्यांनी या कल्पनेचे टिपण लिहिले आणि तिला ईथरनेट हे नाव दिले. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असे एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ मानत असत, त्या काल्पनिक 'ईथर'वरून. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी ते तारेवर चालवून दाखवले. पुढे आयबीएमच्या टोकन रिंगशी त्याची मोठी स्पर्धा झाली. टोकन रिंगमध्ये बोलण्याचा हक्क हातोहात फिरत असे, शिस्त अधिक होती आणि खर्चही. ईथरनेट स्वस्त होते. ते टिकले.

हा इतिहास इतका सांगायचे कारण आजच्या सोसायटीत सापडते. एका मजल्यावर चार घरे, सात मजले, प्रत्येक घरात एक राउटर. रात्री नऊला सगळ्यांचे टीव्ही सुरू होतात आणि नेट संथ होते. वाय-फाय आजही बोलण्याआधी ऐकते, शेजारचा बोलत असेल तर थांबते, आणि टक्कर टाळण्यासाठी कसाही निवडलेला थोडा काळ आणखी थांबते. हवाईतला नियम सुधारून, सोवळा करून, पुण्यातल्या आणि ठाण्यातल्या घरांत चालू आहे. कंपनीकडून आणखी मोठा प्लॅन घेतला तरी ही गर्दी हटत नाही. चॅनेल बदलल्याने मात्र हटू शकते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण शेजारशेजारचे एकमेकांवर चढतात. १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांपासून मोकळे राहतात.

हा पट्टा लोकांच्या हाती आला तोही धोरणाच्या एका निर्णयामुळे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने काही लहरी परवान्याशिवाय वापरायला मोकळ्या केल्या. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रे ज्या लहरींवर चालत, तिथे बाकी कोणाला फारसा रस नव्हता. लहर टाकाऊ मानली जात होती म्हणूनच ती सार्वजनिक झाली, आणि पुढे तिच्यावर अख्खा उद्योग उभा राहिला. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तजवळ एनसीआर कंपनीचे अभियंते दुकानांतली गल्ल्याची यंत्रे बिनतारी जोडायच्या मागे होते, म्हणजे दुकानाची मांडणी बदलली तरी जमीन उकरून वायर टाकायला नको. त्यांच्यातले व्हिक हेज १९९० पासून दहा वर्षे आयईईई संस्थेच्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष होते. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. १९९७ मध्ये पहिले मानक आले, वेग सेकंदाला २० लाख बिट. १९९९ मध्ये तो १ कोटी १० लाखांवर गेला, आणि त्याच वर्षी जुलैत ॲपलने बिनतारी जोडणीची सोय असलेला आयबुक लोकांपुढे मांडला. होमआरएफ नावाचा एक प्रतिस्पर्धी गटही तेव्हा होता, घरासाठीच बनवलेला. २००३ मध्ये तो गुंडाळला गेला. 'वाय-फाय' हे नाव एका नामकरण कंपनीने सुचवलेले व्यापारी नाव आहे. त्याचा विस्तार सांगणारी उत्तरे पुष्कळ पाठ्यपुस्तकांत सापडतात, पण ते कुठल्याही शब्दांचे लघुरूप नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेचे योगदान या कथेतला सर्वांत सुंदर धागा आहे. जॉन ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. लहान कृष्णविवरांच्या स्फोटातून येणाऱ्या क्षीण लहरी शोधण्याच्या प्रयत्नात त्यांनी काही गणिती साधने हाताळली होती. विवर सापडले नाही. पुढे खोलीतल्या भिंतींवर, कपाटांवर आपटून येणारे रेडिओचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि माहिती धूसर होते, ही अडचण सोडवताना ते गणित कामी आले. १९९६ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. दिवाणखान्यातला प्रतिध्वनी आवरायला आकाशाकडे कान लावलेल्या लोकांची मदत झाली, ही गोष्ट शाळेतल्या मुलांना जरूर सांगावी. आणि त्याबरोबर जगदीशचंद्र बोस यांचीही. १८९५ मध्ये त्यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपार रेडिओलहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. घरातल्या वाय-फायपेक्षाही आखूड लहरींवर त्यांनी काम केले.

भारताचा रस्ता स्वतःच्या गतीने आला. १९८६ मध्ये शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी अर्नेट सुरू झाले. एनसीएसटी आणि आयआयटी या मुंबईतल्या संस्था त्यात होत्या. ऑगस्ट १९९५ मध्ये विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अपचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. अलोहानेटही तेवढ्याच वेगाने चाले. आज गावातला केबलवाला १०० एमबीपीएस देतो, तो त्याच्या दहा हजार पटींहून जास्त. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग तसाच मोकळा झाला. घरात राउटर आणायला आज कोणापुढे अर्ज करावा लागत नाही, तो या नियमांमुळे.

पत्त्यांचा विषय नवशिक्याला सर्वांत कोरडा वाटतो, आणि नेमका तोच सर्वांत उपयोगी आहे. इंटरनेटचे जुने पत्ते, आयपीव्ही४, सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचे मध्यवर्ती भांडार ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपले. तरी घराघरांत दहा-दहा यंत्रे जोडली गेली, कारण १९९० च्या दशकात एक युक्ती निघाली होती. काही पत्ते 'खासगी' म्हणून बाजूला काढले गेले. ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर त्यांना अर्थ नाही. म्हणून १९२.१६८.१.१ हा पत्ता नागपुरातल्या राउटरचा आहे आणि मडगावातल्याही. (टाइप करताना हे आकडे इंग्रजी अंकांतच टाकायचे, ब्राउझर देवनागरी अंकांना पत्ता समजेल याचा भरवसा धरू नये.) सोसायटीचा पत्ता एकच, आतले फ्लॅट क्रमांक निराळे, आणि कोणाचे टपाल कोणत्या फ्लॅटचे हे फाटकावरचा माणूस लक्षात ठेवतो, हे काम करणाऱ्या सोयीला नॅट म्हणतात. अनेक कंपन्या आता असे फाटक दोनदा लावतात, एक घरात आणि एक आपल्या केंद्रात. गावच्या घरातला कॅमेरा पुण्यातून थेट का उघडत नाही याचे उत्तर बहुधा या दुसऱ्या फाटकात असते. नवे पत्ते, आयपीव्ही६, जवळजवळ न संपणारे आहेत, आणि ते वापरण्यात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे.

आकड्यांच्या जागी नावे वापरायची सोय, डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये घडवली. त्याआधी साऱ्या जालातल्या संगणकांची यादी एका फाइलमध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि ती एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळी. एका गटाने अख्ख्या इंटरनेटची हजेरी घ्यावी, इतके ते लहान होते.

वेगाच्या बाबतीत एकच खुलासा इथे पुरे. जाहिरातीतला एमबीपीएस बिटांमध्ये असतो, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा एमबीच उतरणार. त्यात कंपनीने फसवलेले नसते.

राउटर कुठे ठेवायचा, हा प्रश्न मात्र घराच्या बांधणीत अडकलेला आहे, आणि परदेशी पुस्तके इथे फारशी उपयोगी पडत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची साधारण सहा. पहिली लांब जाते आणि भिंत बरी ओलांडते, दुसरी वेगवान पण भिंतीपाशी दमते. कोकणातल्या जुन्या घरांच्या जांभ्याच्या जाड भिंती, पावसाळ्यात ओलावा धरलेल्या, तिला जवळजवळ अडवतात. शहरात लोखंडी सळ्यांचा स्लॅब तेच करतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी या तिन्हींच्या आड ठेवलेला राउटर बरीच शक्ती वाया घालवतो. आणि बसवायला आलेला माणूस बहुतेक वेळा तो दारापाशीच ठोकतो, कारण तंतू तिथून आत येतो. अशा वेळी पाच-दहा मीटर जादा तंतू मागून डबा घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर नेणे, हा नवा राउटर विकत घेण्यापेक्षा स्वस्त आणि जास्त गुणकारी उपाय आहे. टीव्ही आणि कामाचा संगणक वायरने जोडावा. साधी ईथरनेट वायर १०० मीटरपर्यंत चालते आणि तिला भिंतीचे भय नसते.

भारनियमनाचेही तसेच. फायबरच्या वाटेवर प्रकाश वाटणारे जोड विजेशिवाय चालतात. म्हणून घरातल्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आणि केबलवाल्याच्या केंद्रात वीज असली, तर दिवे गेल्यावरही परीक्षेचा अर्ज भरता येतो. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा काचेच्या तंतूतून ती घरात शिरत नाही, पण अडॅप्टरमधून आणि लांब तांब्याच्या वायरीतून शिरते. प्लग काढून ठेवायची आजीची सवय इथे बरोबर आहे.

सुरक्षेच्या प्रकरणात पुस्तकाचा सूर किंचित चढतो, आणि तो चढायलाच हवा. वाय-फायचे पहिले कुलूप, डब्ल्यूईपी, २००१ मध्येच फोडले गेले. त्यानंतर डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले. कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ली दारावरच टांगलेली असेल तर उपयोग नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्यामार्फत अमेरिकेतल्या मोठमोठ्या सेवा काही तास बंद पाडल्या. त्यासाठी तिच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, बस्स. लोकांनी ते पासवर्ड बदललेले नव्हते.

महाराष्ट्राची आठवण याहून जवळची आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारी ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेली होती. तपास साहजिकच त्या घराच्या दारात पोहोचला. पुढच्या ई-मेलसाठीही मुंबई परिसरातली अशीच बेसावध जाले वापरली गेली. आपल्या जालावरून बाहेर गेलेली प्रत्येक गोष्ट आधी जोडणीधारकाच्या नावावर दिसते. मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्या आणि तो पाहुण्याला, पाहुण्याच्या पाहुण्याला मोकळ्या मनाने सांगणाऱ्या घरांनी हे प्रकरण दोनदा वाचावे. पाहुण्यांसाठी वेगळे जाल काढायची सोय बहुतेक राउटरमध्ये असते. आतिथ्य त्याने कमी होत नाही.

आता शब्दांचा प्रश्न, जो मराठीत प्रत्येक तांत्रिक लेखकासमोर उभा राहतो. एक परंपरा नवे शब्द घडवण्याची. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, सावरकरांनी महापौर आणि क्रमांक यांसारखे शब्द रूढ केले, राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. दुसरी परंपरा लोकांची. तिने पोर्तुगिजांकडून चावी आणि बादली घेतली, प्लॅटफॉर्मचा फलाट केला, आणि कोणाची परवानगी मागितली नाही. या क्षेत्रात दोन्हींचे यश दिसते. 'संकेतस्थळ' रुजला, 'महाजाल' समजतो. 'मार्गक' मात्र दुकानात जाऊन मागितला तर कोणी देणार नाही. या पुस्तकाने दुकानात, डब्यावर आणि फोनच्या पडद्यावर जो शब्द दिसतो तोच ठेवला आहे, आणि त्याचा अर्थ मात्र पूर्णपणे मराठीत उलगडला आहे. हा निर्णय योग्य आहे. वाचकाला त्या शब्दासह उद्या सेवा केंद्रातल्या माणसाशी बोलायचे आहे.

आणि बोलण्याची वेळ आता रोज येते. २०२०च्या टाळेबंदीत शाळा एका रात्रीत घरात आली. कोकणात रेंज मिळेल त्या डोंगरावर छप्पर उभारून मुलांनी अभ्यास केला, शहरात दोन भावंडे आणि घरून काम करणारे पालक एकाच डब्यावर वेळ वाटून घेत होते. तो काळ सरला, सवय राहिली. सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, डॉक्टरांचा सल्ला, परगावच्या नातवाचा चेहरा, सगळे त्याच वाटेने येते. घरात हा डबा सांभाळणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते, घरातला तरुण मुलगा. तो नोकरीला बाहेर गेला की घर हतबल होते. निवृत्त शिक्षक, घर चालवणाऱ्या बाया, गावातले छोटे दुकानदार, अकरावीतली मुलगी, हे या पुस्तकाचे खरे वाचक आहेत. स्पष्टीकरणे त्यांच्या बेताने केली आहेत, आणि त्यांना कमी लेखून एकही वाक्य लिहिलेले नाही.

पुस्तकाने काय सोडले तेही सांगायला हवे. कार्यालयांची मोठी जाले, सर्व्हर, प्रमाणपत्र परीक्षांची तयारी इथे नाही. कुठली कंपनी घ्यावी याचा सल्लाही नाही. असा सल्ला वर्षभरात शिळा होतो. राउटरचे पडदे प्रत्येक कंपनीचे वेगळे दिसतात, म्हणून चित्रे देऊन 'इथे दाबा' म्हणण्याऐवजी कुठल्या नावाचा पर्याय शोधायचा आणि तो का, एवढे सांगितले आहे. ज्याला अधिक खोल जायचे असेल त्याच्यासाठी स्वतः राउटरची प्रणाली बदलण्याची वाट, ओपनडब्ल्यूआरटीची, थोडक्यात दाखवली आहे. २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळत आहेत.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करावे. घरातला राउटर हलक्या हाताने उलटा करावा, वायरी न ओढता. खाली एक पांढरी चिकटपट्टी असते. त्यावर यंत्राचा मॉडेल क्रमांक, एसएसआयडी म्हणजे वाय-फायचे नाव, पासवर्ड, राउटरच्या आत शिरण्याचा पत्ता आणि यंत्राची ओळख सांगणारा बारा अक्षरांचा मॅक पत्ता, अशी माहिती बारीक अक्षरांत छापलेली असते. ती जशीच्या तशी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी, शेजारी केबलवाल्याचा नंबर आणि ग्राहक क्रमांक लिहावा, आणि वही देवघराच्या किंवा मीटरच्या कपाटात, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी. पहिले प्रकरण त्याच पट्टीवरच्या पहिल्या ओळीपासून सुरू होते.